वरवंट्याखालचा रेडिओ

लग्न होऊन शनिशिंगणापुरात आलेल्या वृषालीने माहेरून, नगरहून, दोन गोष्टी आणल्या होत्या: जुना संगणक आणि हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून बोलण्याचा, परवाना. सासू भागिरथीबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्यातलं सैपाकाला कंचं उपेगाचं?"

१९९९च्या हिवाळ्यात पुण्याहून पोस्टाने एक सर्किट बोर्ड आला. तिथल्या हौशी मंडळींनी बनवलेला हा रेडिओ अर्धा तारांचा, अर्धा संगणकातल्या प्रोग्रॅमचा. आराखडा आणि प्रोग्रॅम दोन्ही सर्वांना खुले. कुणीही बनवावा, तपासावा, दोष सापडला तर कळवावा. गटाचं काम पाहणाऱ्या आबासाहेबांनी वृषालीला तपासणीचं पहिलंच काम दिलं होतं. अहवाल चोख आला तरच पुढचा बोर्ड तिच्याकडे येणार होता. लग्नानंतर सोल्डरिंगला हात न लावलेल्या वृषालीला तो हवा होता.

रेडिओ सुरू केला तर नुसती घरघर. संगणकाचा गोंगाट बोर्डात शिरत होता. बोर्ड सोबत आलेल्या पत्र्याच्या पेटीत बसवून झाकण स्क्रूंनी आवळा, अशी सूचना होती. वृषालीने स्क्रूड्रायव्हर उचलला, तेवढ्यात भागिरथीबाई चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. चौकटीला दार नव्हतं. गावात कुणाच्याच घराला नव्हतं.

"सूनबाई, आपल्या घरात कायबी आवळून बंद करत न्हाईत. कपाटाला कडी न्हाई, पेटीला कुलूप न्हाई."

"आत्याबाई, ह्यात चोरण्यासारखं काही नाही."

"मग आवळती कशाला?"

वृषालीचा नवरा योगेश म्हणाला, "आई, बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून."

"तू गप रं, बायकोच्या वकिला."

वृषालीने स्क्रू ठेवून दिले. नुसतं झाकण ठेवून पाहिलं, पण ते नीट टेकेना आणि घरघर थांबेना.

संध्याकाळी कुत्री शिरू नयेत म्हणून भागिरथीबाईंनी नेहमीप्रमाणे चौकटीला फळी टेकवली. क्षणभर तिथेच थांबल्या. मग स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आल्या.

"टेकवायला हरकत न्हाई. झाकनावर ह्यो ठिव."

घरघर गेली. सोलापूरचा कुणीतरी शेजारी बसल्यासारखा बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी रात्री वृषाली अहवाल लिहायला बसली तेव्हा योगेश म्हणाला, "स्क्रू आवळले असंच लिही. वरवंटा वाचून पुण्यात हसतील, बोर्ड दुसऱ्याला देतील."

वृषालीलाही तीच भीती होती. तरी तिने लिहिलं: स्क्रू लावलेले नाहीत. झाकणावर वरवंटा. दिवसभरात स्टेशन जागचं हललं नाही.

पुढल्या रविवारी सकाळी हौशी मंडळी नेहमीसारखी रेडिओवर बोलायला जमली. वृषाली वरवंट्याखालचा रेडिओ लावून बसली होती.

"शिंगणापूरच्या वृषालीताई ऐकत असतील," आबासाहेबांचा आवाज आला. "बाकी सगळ्यांची स्टेशनं सरकत होती. आम्ही कॉइलला दोष देत बसलो. ताईंचा अहवाल वाचून काल स्क्रू सैल केले, तर सरकणं थांबलं. आवळलेला पत्रा गरम झाला की वाकतो, हे तेव्हा कळलं. पुढच्या बोर्डाच्या पेटीला स्क्रू नाहीत, आणि तो बोर्ड पहिला ताईंकडे. तोवर वरवंटा हलवू नका."

"हलवू नका म्हनं! आन् मी चटनी कशानं वाटू? सांग त्याला."

"आत्याबाई, हा रेडिओ फक्त ऐकतो. उलट बोलत नाही."

"मग गुनाचा हाय," भागिरथीबाई म्हणाल्या, आणि शेजारून वरवंटा मागून आणायला त्यांनी योगेशला पिटाळलं.