पांढऱ्या पडद्यापुढची आरती

चांद्याच्या साप्ताहिकानं त्या सिनेमाची पार सालटी काढली होती. सत्तावनच्या बंडाला शंभर वर्षं झाली म्हणून मोठ्या थाटात काढलेला सिनेमा. पण नायक-नायिकेचं प्रेम आटपेपर्यंत बंडाला ताटकळत बसावं लागतं, आणि नायिका तर रडायच्या जागीही रडत नाही, असं त्यात छापलं होतं. गुणवंतराव मास्तरांनी ते पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन रामाजीभाऊ का म्हनते?"

रामाजीचा शब्द गावात शेवटचा. गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या नाच-गाण्याच्या खेळात, तीस वर्षं नायिकेचं काम तोच करत आला होता. लुगडं नेसून मेलेल्या नायकावर छाती पिटून रडायला लागला की तळ्यापलीकडची कुत्री भुंकत. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला दोन्ही दिवस दंडारच व्हायची. यंदा घनश्यामचा सिनेमाचा तंबू आला आणि पंचांनी ठरवलं, पहिल्या दिवशी सिनेमा. लोकांना आवडला तर दुसऱ्या दिवशीही तोच, नाहीतर दंडार. सिनेमा यंदा मैदानात बसला की दरवर्षी बसणार, हे रामाजीला न सांगता कळत होतं.

म्हणून तो पुढच्या रांगेत चुका वेचायलाच बसला. चुका सापडल्याही. नायिका कोसभर रान तुडवत पळाली, पण पदराला एक काटा लागला नाही. "हे बाई आपल्या जंगलात नाई आली कधी," तो शेजारच्या सुकलूला म्हणाला. सुकलू म्हणजे दंडारीतला नायक. तोही खूश झाला.

मग पडद्यावरच्या नायकाला गोळ्या घातल्या. रामाजी सरसावून बसला. बघू तर खरं, ही कशी रडते. ती रडलीच नाही. त्याचा सुटलेला फेटा तिनं धुळीतून उचलला, झटकला आणि घडी घालत बसली. एक घडी, दुसरी, तिसरी. रामाजी चुका वेचायचं विसरला आणि त्याला स्वतःचाच राग आला. तीस वर्षं छाती बडवली आणि हे आपल्याला एकदाही सुचलं नाही!

पडदा पांढरा झाला, बत्त्या लागल्या, पण कोणी उठेना.

घनश्यामनं हात जोडले. "संपला सिनेमा. जा आता घरी."

"असा कसा संपला?" म्हातारी सोमारी म्हणाली. "मेलेल्याले उठवा ना भाऊ!"

गावची रीतच तशी होती. दंडारीत जो मरतो तो शेवटी उठतो, तोंड पुसतो आणि सगळ्यांबरोबर आरतीला उभा राहतो. मेलेल्याला तसंच टाकून घरी जाणं म्हणजे अपशकुन.

"अहो बाई, तो मुंबईत आहे. चांगला जिवंत आहे!"

"मंग बोलवा त्याले. आमी बसून राह्यलो."

घनश्याम रडकुंडीला आला. सगळ्या माना रामाजीकडे वळल्या. "भाऊ, तुमीच सांगा. कसा हाय सिनेमा?"

'अर्धवट हाय' एवढं म्हटलं की उद्याची दंडार पक्की. ते खोटंही ठरलं नसतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण त्या हातांतली घडी काही डोळ्यांपुढून हलेना.

"चांगला हाय," रामाजी म्हणाला. "पेपरवाल्याले समजलं नाई. तिचं रडनं हातात होतं. उद्याबी हाच पाहा." बोलताना त्याला फार वाईट वाटलं.

मग त्यानं सुकलूला पडद्यापुढं नेऊन आडवं पाडलं, उपरणं पदरासारखं डोक्यावर घेतलं आणि आरती सुरू केली. सुकलू उठला, त्यानं तोंड पुसलं. सगळा तंबू टाळ्या वाजवत उभा राहिला आणि लोक निवांत घरी गेले.

घनश्यामनं त्याची बाही धरली. "उद्याही याल ना? नाहीतर लोक उठायचे नाहीत."

"येतो," रामाजी म्हणाला. "पन लुगडं नेसून येईन."

दुसऱ्या दिवशी सिनेमा संपला आणि सुकलू पडद्यापुढं मरून पडला. हिरव्या लुगड्यातला रामाजी पुढं आला तशी पोरांनी सवयीनं कानांवर हात ठेवले. रामाजी खाली बसला. सुकलूचा फेटा त्यानं उचलला, झटकला आणि घडी घालायला लागला. पोरांनी कानांवरचे हात काढले. मग सोमारीचा हुंदका ऐकू आला, तिच्यामागून आणखी कोणाचा.

उठायची वेळ झाली म्हणून सुकलूनं एक डोळा उघडला.

"पडून राह्य," रामाजी हळूच म्हणाला. "अजून दोन घड्या हायेत."