माइंड म्हणजे हरकत

कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या त्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत. चाळीस थर कापड एकावर एक अंथरून ती एकदाच मशीन फिरवी, आणि वरच्या तुकड्यात नि खालच्या तुकड्यात सुताचाही फरक पडत नसे. इंग्रजी तिला शाळेत तीन वर्षं होतं. त्यातलं अंगी लागलं ते एवढंच, की कुणी काही विचारलं तर यस म्हणून मोकळं व्हावं.

त्या दुपारी नर्सच्या गणवेशाची ऑर्डर देणाऱ्या कंपनीची बाई नमुना पाहायला आली. तिला फक्त इंग्रजी येत होतं. एरवी मध्ये बोलणारा सुपरवायझर फोन घ्यायला बाहेर गेला, तेवढ्यात पाहुणीने नमुन्याच्या कमरेवरच्या खिशावर बोट ठेवलं, ते छातीपर्यंत सरकवलं आणि मऊ आवाजात विचारलं, "वुड यू माइंड इफ वी मूव्ह द पॉकेट?"

मूव्ह कळलं, पॉकेट कळलं. खिसा वर घ्यायचा. मास्तरीण म्हणाली, "यस."

पाहुणीने बोट मागे घेतलं, वही नि पेन उघडलं आणि पुढचं ऐकायला थांबली. मास्तरीणही थांबली. दोघी बराच वेळ एकमेकींकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिल्या.

सुपरवायझर परतला. पाहुणीशी दोन वाक्यं झाली नि त्याचा चेहरा पडला.

"मास्तरीणबाई, तुम्ही यांना नाही म्हणालात?"

"मी कशाला नाही म्हणू? हो म्हटलं."

"तिथेच तर घोळ झाला. खिसा हलवला तर तुमची हरकत आहे का, असं विचारलं त्यांनी. तुम्ही म्हणालात, आहे."

"माइंड म्हणजे मन ना?"

"नाम असलं की मन. क्रियापद असलं की हरकत. तिथे चालेल म्हणायचं तर नो म्हणतात. असू द्या, चुकून झालं म्हणून सांगतो."

पाहुणी अजून पेन उघडं धरून बसली होती. बावीस वर्षांत मास्तरणीचं मत लिहून घ्यायला कुणी पेन उघडलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "हरकत आहे."

"आता हे काय नवीन?"

"माझी धाकटी बहीण वॉर्डात नर्स आहे. पेशंटवर वाकलं की छातीवरच्या खिशातलं पेन, कात्री, सगळं त्याच्या अंगावर पडतं. एकाचा डोळा थोडक्यात वाचला. खिसा कमरेलाच बरा. एवढं सांगा त्यांना."

त्याने नाइलाजाने सांगितलं. कात्री केवढी असते, असं पाहुणीने विचारलं. मास्तरणीने हाताने लांबी दाखवली. दीड पान लिहून पाहुणी गेली.

निर्णय यायला नऊ दिवस लागले. तोवर कापडाचे तागे तसेच पडून राहिले नि सुपरवायझर तिच्याशी कामापुरतंच बोलला. दहाव्या दिवशी पत्र आलं: खिसा कमरेलाच, वर झाकण लावावं.

त्या संध्याकाळी मास्तरणीने कॉलेजात जाणाऱ्या लेकीला डिक्शनरीतून तो शब्द काढायला सांगितला. लेक वाचत गेली. हरकत असणे. लक्ष देणे. जपून चालणे. मूल सांभाळणे.

"एवढं सगळं एकाच क्रियापदात?"

"हो."

"मग चुकून काही झालं नव्हतं," मास्तरीण म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या ऑर्डरचा नमुना आला, तो सुपरवायझरने आधी तिच्या टेबलावर आणून ठेवला. तिने बाही उलटून पाहिली, टेप लावली आणि काखेत अर्धा इंच वाढवायला सांगितलं.