रेषेवरचं क्षेपणास्त्र

क्षेपणास्त्र मंगळवारी दुपारी निघालं होतं आणि शुक्रवार उजाडला तरी हंट्सव्हिलच्या लष्करी तळावर पडायला तयार नव्हतं.

अर्थात सगळी लुटुपुटूची लढाई. सरावाचा नियम असा, की पडद्यावरच्या हिरव्या रेषेच्या वर जे उडेल ते क्षेपणास्त्र खात्याचं, खाली येईल ते हवाई संरक्षणाचं. हे पठ्ठं नेमकं रेषेवर आलं आणि दोन्ही खात्यांनी हात झटकले. वाद मिटेपर्यंत घड्याळ थांबवायचं, असाही नियम होता. घड्याळाचा खटका समन्वय अधिकारी व्हर्नेल टिडवेल हिच्या टेबलावर. सराव संपेपर्यंत तळाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम मात्र सगळ्यांना.

"वर असतं तर मी हाणलं असतं," क्षेपणास्त्रवाले कर्नल प्रुइट कोंबडीची तंगडी पांढऱ्या सॉसमध्ये बुडवत म्हणाले. "हे वर आहे का?"

"मग खाली तरी आहे का?" हवाईवाले कर्नल मेब्री उसळले. "रेषा काय माझ्या बापाची?"

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे पाहुणा लोंबकळत होता आणि यजमान जेवत होते. व्हर्नेलला दोघांच्याही डोक्यावर ग्लासातला बर्फगार गोड चहा ओतावासा वाटत होता. तिची लेक डेलिया चॅटानूगाच्या इस्पितळात एकटीच होती, जावई दूर समुद्रावर. पहाटेच तिचा फोन आला होता. "आई, कळा सुरू झाल्यात गं. येतेस ना?"

"साहेब, लेकीचं पहिलं बाळंतपण आहे," व्हर्नेल म्हणाली. "मी शब्द दिलाय."

"अहो बाई, इथे देश वाचवतोय आम्ही," प्रुइट म्हणाले, "आणि तुम्ही बाळंतपण काय घेऊन बसलात!" त्यांनी चहाचा ग्लास टेबलावरच्या पांढऱ्या कार्डांवर ठेवला.

ती कार्डं सरावात मरणाऱ्यांच्या गळ्यात घालायची. मेलेल्याने मात्र लगेच तळ सोडायचा, उगाच जिवंतांत घोटाळायचं नाही. पण या दोन खात्यांच्या सरावात कधी कुणी मेलंच नव्हतं, म्हणून कार्डं ग्लासांखाली गेली होती.

व्हर्नेलने ग्लास उचलला, बाजूला ठेवला. मग खटका दाबून घड्याळ सुरू केलं.

क्षेपणास्त्र सरळ याच इमारतीवर पडलं. पडदा लाल झाला.

"तुमचं होतं ते!" प्रुइट ओरडले.

"तुमचं!"

"आता कशाला भांडता?" व्हर्नेलने दोघांच्या गळ्यात ओलसर कार्डं अडकवली. "गेलात तुम्ही दोघंही. आणि मीही."

फाटकावरच्या शिपायाने तिचं कार्ड वाचून टोपी काढली. "अरेरे, मॅडम! कधी?"

"आत्ताच, बाळा. फाटक उघड."

इस्पितळात पोचली तेव्हा डेलिया घामाने निथळत होती. "आई! हे काय घातलंयस गळ्यात?"

"मेले गं मी. त्याशिवाय सोडतच नव्हते."

"आणि ते कर्नल?"

"तिथेच बसलेत. आधी कुणी मरायचं, ते ठरत नाहीये."

डेलियाला ऐन कळेत हसू फुटलं. तिने आईचा हात गच्च धरला, आणि नातीचं पहिलं रडणं ऐकू येईपर्यंत व्हर्नेलला ते कार्ड काढायचं भानच राहिलं नाही.