शुक्रवारचा क्लब, रविवारची फायनल

भिवंडीत दोन भिवंड्या आहेत. एक शहरातली, यंत्रमागांची, म्हणजे लूमवाली. तिची सुट्टी शुक्रवारी. दुसरी हायवेकडची, गोडाऊनवाली. तिची सुट्टी रविवारी. ज्याला हे कळत नाही त्याने इथे साखरपुड्याची तारीखसुद्धा ठरवू नये. केसरीनाथभाऊंनी तर फुटबॉलची फायनल ठरवली.

मी सुकन्या. शाळेत पीटी शिकवते आणि आमच्या खाडीपार गावच्या खाडीपार स्पोर्टिंग क्लबची कोच आहे. सुरुवातीला लोक बाई कोच कशी असते ते बघायला यायचे. आता मी पोरांना काय काय बोलते ते ऐकायला येतात. क्लब आमचा पहिल्यापासून शुक्रवारचा. निम्मी पोरं आगऱ्यांची, काही कोकणी मुसलमान घरांतली आणि दोन-तीन लूमवर काम करणारी, ज्यांचे आईबाप कधीतरी युपी-बिहारहून आले आणि इथलेच झाले.

त्यांतला एक मेहताब. आमचा गोलकीपर. सहा वर्षांचा होता तेव्हा आला, आता बावीसचा आहे. दिवसभर लूमवर उभा असतो, म्हणून की काय, गोलमध्येही त्याला बसायची घाई नसते. बाकीचे कीपर उगाच उड्या मारतात. हा थांबतो, बघतो आणि मग हात घालतो. आगरी शिव्या आमच्या आगरी पोरांपेक्षा शुद्ध देतो. मला तो फार आवडतो, हे आधीच सांगून टाकते. कोचने असं करू नये म्हणतात. ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं.

आता भानगड अशी की आम्ही ज्या जमिनीवर खेळतो ती केसरीनाथभाऊंची. खाडीच्या कडेला आहे, भरती मोठी असली की एक कॉर्नर ओला होतो, पण आहे. भाऊंची मानकोलीच्या बाजूला गोडाऊनं आहेत आणि या वर्षी त्यांना नगरसेवक व्हायचं होतं. एके दिवशी ते क्लबच्या मीटिंगला आले. चहा घेतला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"जमिनीवर गोडाऊन टाकायला पार्टी तयार हाय," ते म्हणाले. "पण मी बोललू, न्हाय. पोरं खेलतान, खेलू दे. फक्त क्लबचा नाव भूमिपुत्र स्पोर्टिंग करायचा. आनि अकराच्या अकरा आपले इथले. बाहेरचा एक पन न्हाय."

आमचे अध्यक्ष गुलाम हुसेन चाचा. लूमचे मालक, सज्जन माणूस, पण भांडण दिसलं की त्यांना अचानक नमाजची आठवण होते. त्यांनी आधी हळूच विचारून घेतलं, "भाऊ, आम्ही तर इथलेच ना?"

"तुमी इथलेच, चाचा. तुमी आमच्या आधीचे."

चाचांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही. "म्हणजे मेहताब बाहेर," मी म्हणाले. "सगळ्या ठाणे जिल्ह्यात असा कीपर नाही, भाऊ."

"आमचा देवेश हाय ना."

देवेश म्हणजे भाऊंचा मुलगा. स्वभावाने गोड. बॉल समोरून आला की डोळे मिटतो.

मी हितेशकडे बघितलं. हितेश आमचा कॅप्टन, सगळ्यात जास्त गोल त्याचे आणि भाऊंचा सख्खा पुतण्या. मेहताब आणि तो शाळेपासून एका ताटात जेवलेले. मेहताबची शिफ्ट संपेपर्यंत हा रोज लूमवर जाऊन बसायचा. बसून कंटाळा आला म्हणून तुटलेले धागे जोडायला शिकला, मग लूम चालू-बंद करायला, मग सगळंच. एवढी दोस्ती. मला वाटलं, आता उठेल आणि बोलेल. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसला. भाऊंच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे तो, नोकरी त्यांची.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "तुला पाठीचा कणा आहे का रे, की तोही काकांच्या नावावर आहे?"

"मॅडम, ग्राउंड गेला तर मेहताबला पन न्हाय खेलाला मिलनार."

"आता मिळतंय का?"

तो बाइककडे निघून गेला. मी त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं आणि मी ठरवलं की ते पाळते.

मेहताबला मीच जाऊन सांगितलं. लूमच्या आवाजात कानाशी ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे वाईट बातमी आणखी वाईट वाटली. तो हसला, हाताने 'समजलं' असं केलं आणि आतून आपले ग्लोव्हज घेऊन आला. "देवेशला द्या," माझ्या कानात ओरडला. "त्याचे ग्लोव्हज घसरतान." ते ग्लोव्हज हातात घेऊन मी बाहेर आले आणि रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यात उभी राहून रडले. तरी राखीव खेळाडूंत त्याचं नाव मी हट्टाने ठेवलंच. भाऊंना अकराजण मोजायचे होते, अकरांच्या खाली काय आहे ते त्यांनी बघितलं नाही.

भाऊंनी भरवलेल्या भूमिपुत्र चषकात आम्ही फायनलला कसे पोचलो, तर हितेशच्या पायावर. देवेश दोन खायचा, हितेश तीन मारायचा. फायनल पडघ्याच्या टीमशी. दरवर्षी असले सामने शुक्रवारी होतात, पण भाऊंचे पक्षातले साहेब मुंबईहून येणार होते आणि साहेबांना रविवारच मोकळा होता. भाऊंनी रविवार ठरवला. मंडप, खुर्च्या, स्टेज, माईक, सगळं जोरात.

पहिली चूक ही, की रविवारी सगळे लूम चालू. ज्या माणसांनी ग्राउंड भरायचं ती सगळी ड्युटीवर. दुसरी चूक त्याहून मोठी. त्या शनिवारी गावात तीन-तीन हळदी होत्या. आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या हळदीला न जाणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर, आणि जाऊन लवकर परत येणं म्हणजे आठव्या पिढीचं. भाऊ स्वतः तिन्हीकडे फिरून आले, माझे सात खेळाडू त्यांच्या मागे. मी पोरांना आदल्या दिवशी ताकीद दिली होती, "मटण खाल्लं तर बघा." त्यांनी ऐकलं, असं ते म्हणतात.

रविवारी चार वाजता टीम मैदानावर आली. एकाच्या कानामागे अजून हळद. देवेशचा आवाज गेलेला, डोळे तांबारलेले. खुर्च्यांवर साहेब, भाऊ, गुलाम हुसेन चाचा, कार्यकर्ते आणि बाकी मोकळं प्लास्टिक. गावातले लोक संध्याकाळच्या लग्नांच्या तयारीत होते. भाऊ सारखे फोन लावत होते, "अरे पोरं पाठव, खुर्च्या भरायला पाठव."

पडघ्याच्या पोरांची झोप पूर्ण झाली होती. पहिला गोल देवेशच्या डावीकडून गेला तेव्हा तो उजवीकडे पडला. दुसरा उजवीकडून गेला तेव्हा तो आधीच पडलेला होता, पहिल्यापासून उठलाच नव्हता म्हणा ना. तिसरा त्याच्या दोन्ही पायांमधून. हितेश एकटा धावत होता, पण बॉल त्याच्यापर्यंत पोचवायचा कोणी? हाफ टाइमला तीन-शून्य.

भाऊ स्टेज सोडून आमच्या घोळक्यात आले. मुलाच्या तोंडावर काही बोलवेना, म्हणून माझ्यावर उखडले. "सुकन्याताय, साहेब बसलान तिथं! काय चाललाय हा?"

"भूमिपुत्र खेळतायत, भाऊ."

भाऊंनी स्टेजकडे एक नजर टाकली. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तो पोरगा कुठं हाय? तो, तुमचा तो."

"ड्युटीवर हाय," हितेश म्हणाला. त्या मीटिंगपासून काकांसमोर त्याने तोंड उघडलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"रविवारी कसली ड्युटी?"

"काका, लूमला सुट्टी शुक्रवारी असते."

भाऊंनी चाचांना हाक मारली. मेहताब चाचांच्याच लूमवर कामाला. "चाचा, सोडा ना त्याला घंटाभर."

चाचा अवघडले. "भाऊ, सहा लूम आहेत त्याच्याकडे. बंद ठेवून कसं चालेल? आमचा सगळ्यांचा कायदा एकच. बदली माणूस उभा करा आणि सुट्टी घ्या. मी माझ्या भावालासुद्धा तसा सोडत नाही."

"मग कर ना रे कोनाला तरी उभा!" भाऊ पोरांवर ओरडले.

कोण उभं राहणार? गोडाऊनमध्ये खोके मोजणारी पोरं ही. लूमवर उभं राहणं म्हणजे रस्त्यावर हात दाखवून गाड्या थांबवण्यासारखं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हितेशने दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली.

"मला येतं," तो म्हणाला.

"तू? अरे तू गेलास तर गोल कोण मारणार?" हे मी म्हणाले. भाऊ नव्हे, मीच. तीन गोल मागे असताना माणसाला तत्त्वं सुचत नाहीत.

"मॅडम, तुमीच बोललात ना तेव्हा, आता मिळतंय का." तो बूट न काढताच बाइककडे चालायला लागला. "तुमची फायनल हाय. त्याला खेलू द्या."

भाऊंना वाटलं, हा मेहताबला घेऊन येतो आहे. कोणीतरी म्हणालं, "आनतोय त्याला," आणि भाऊ समाधानाने स्टेजवर जाऊन साहेबांच्या शेजारी बसले.

दुसरा हाफ सुरू झाला आणि थोड्याच वेळात हितेशची बाइक परत आली. चालवणारा मेहताब, मागे कोणी नाही. केसांत, भुवयांवर कापसाचा भुगा. देवेशने कुणी न सांगता ग्लोव्हज काढले, स्वतः मेहताबच्या हातात चढवले आणि घसा बसलेल्या आवाजात काहीतरी म्हणाला. काय ते मला ऐकू आलं नाही, पण मेहताबने त्याच्या पाठीवर थाप मारली. ती पट्टी मी मेहताबच्या दंडाला बांधली. "मॅडम, ही हितेशची हाय," तो म्हणाला. "माहीत आहे," मी म्हणाले, "हलू नकोस."

मग काय सांगू! मागे कीपर आहे म्हटल्यावर माझ्या पोरांची हळद उतरली. पडघ्याने सहा-सात वेळा मारून बघितलं, मेहताब नेहमीसारखा थांबायचा, बघायचा आणि हात घालायचा. एक पेनल्टीसुद्धा अडवली. भाऊ खुर्चीवरून उठून ओरडायला लागले, "हान! हान रे वाघा!" साहेब बाजूला आहेत हे विसरून धोतर सावरावं तशी पँट सावरत होते. आम्ही एक मारला. मग दुसरा. तिसरा बारला लागून परत आला आणि शिट्टी झाली. तीन-दोन. हरलो. हितेश असता तर जिंकलो असतो, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

बक्षीस समारंभ. आमच्याकडे माईकवर नाव घ्यायची पद्धत ठरलेली आहे. आधी माणसाचं नाव, मग गाव. गावाशिवाय नाव घेतलं तर त्या माणसाचा अपमान होतो. पडघ्याचा कप झाला. मग साहेब उपविजेत्यांची ढाल उचलून म्हणाले, "उपविजेत्यांचा कॅप्टन येऊ द्या." भाऊंनी माईक हातात घेतला आणि हितेशला शोधायला नजर फिरवली. ती मेहताबच्या दंडावरच्या पट्टीवर येऊन थांबली.

"हितेश कुठं हाय?" त्यांनी मला खुणेने जवळ बोलावून विचारलं.

"लूमवर. सहा लूम सांभाळतोय. शिफ्ट संपेपर्यंत हलणार नाही."

"माझा पुतन्या? लूमवर?"

"कोणाला तरी उभा करा, तुम्हीच म्हणालात."

भाऊंचा चेहरा आधी लाल झाला. आता हे माईकवर काहीतरी बोलून बसणार, ग्राउंड गेलं, क्लब गेला, हितेशची नोकरीही गेली, असं माझ्या मनात आलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. भाऊंनी पोरांकडे बघितलं, मातीने भरलेली, दमलेली, सगळी मेहताबच्या भोवती उभी. मग ते माझ्याकडे वाकले आणि माईकवर हात ठेवून विचारलं, "याचा पुरा नाव काय?"

ज्या पोराला त्यांनी क्लबमधून काढलं, त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मला इतका राग आला की सांगताना दात आवळले गेले. पण सांगितलं.

भाऊंनी माईक तोंडाशी नेला. "आमचा कॅप्टन ड्युटीवर हाय," ते म्हणाले. "त्याच्या जागी ढाल घेतील आमचे गोलकीपर, मेहताब आलम..."

आणि थांबले. गावाची जागा रिकामी राहिली. माईक खरखरला. मेहताब स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा, वर चढावं की नाही हे त्याला कळेना.

"खाडीपार," केसरीनाथभाऊ म्हणाले. मग घसा खाकरून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. "मेहताब आलम, खाडीपार."

मी स्टेजसमोर उभी राहून लहान पोरीसारखी रडले, पीटीची शिट्टी गळ्यात, सगळ्यांदेखत. मेहताबने ढाल घेतली, साहेबांना नमस्कार केला आणि फोटोला न थांबता खाली उतरून बाइक सुरू केली. हितेशला सोडवायला जायचं होतं, त्याची स्वतःची शिफ्ट अजून बाकी होती.