ओल्या नाकाची खूण

माझ्या अक्षराला वळण नाही, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे चौथीनंतर मला कोणी सांगितले नाही. ज्याच्या हाती ही वही पडेल त्याने तेवढे सांभाळून घ्यावे. वही लेकीची आहे. मागची पाने कोरी राहिली होती. माझ्या उजव्या तळहाताच्या मधोमध अजून कधी कधी एक गार, ओला ठिपका उमटतो. बोलून तो कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

तो ठिपका टोऱ्याच्या नाकाचा.

टोऱ्या आमच्या घरी आला तेव्हा धानाच्या रोवण्याचे दिवस होते. ज्या साली गावात विजेचे खांब उभे झाले आणि तारा मात्र आल्या नाहीत, ते साल. बांध्यांत पाणी साचलेले, आणि त्या पाण्यात खांबांच्या सावल्या उलट्या उभ्या. नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोल्यावर, त्यांच्या छोट्या वस्तीत, लच्चीबाई राहायची. तिच्या कुत्रीला चार पिल्ले झाली होती. त्यांतले एक मी पदरात घेऊन आले. मोहाच्या टोरीचे वरचे साल काढल्यावर आतली बी जशी चकचकीत तपकिरी दिसते, तसा त्याचा रंग. म्हणून नाव टोऱ्या. पदरातून त्याचे काळीज माझ्या पोटाला लागत होते, आणि नाला ओलांडेपर्यंत ते काळीज त्याचे की माझे, हे मला कळले नाही.

लच्चीबाईने पैसे घेतले नव्हते. तिच्या घरची रीतच तशी होती. पिल्लू फुकट द्यायचे नाही, पण देताना पैसेही घ्यायचे नाहीत. ती म्हणाली होती, "ज्या दिवशी थो तुया दाराशी पयल्यांदा भुकंल, त्या दिवशी सव्वा रुपया आणून दे. तोवर थो माया घरचा. तुयाकडे पाहुणा."

मी मान हलवली. मला मान हलवणेच जास्त येते.

पावसाळाभर तो वाढला. सुरुवातीला तो सुपात मावायचा. सुपाच्या कोपऱ्यात नाक खुपसून, भाताच्या कोंड्याच्या वासात झोपायचा. त्याचे दात तांदळाच्या कणीएवढे होते आणि तसेच पांढरे. पेज पिताना तो चारही पाय पसरून उभा राहायचा, जणू ताटली पळून जाईल. पोळ्याच्या आधी त्याचा उजवा कान उभा झाला. डावा मात्र पुढे पडलेलाच राहिला, तो धान निसवल्यावर उभा झाला. मधले महिना दीड महिना तो एका कानाने जग ऐकत होता आणि दुसऱ्याने ऐकू की नको असे करत होता. स्वभावाने भित्रा. पाखडताना सूप वाजले की चुलीमागे जायचा. वाऱ्याने पळसाचे पान घरंगळत आले तरी आधी मागे सरायचा, मग पान थांबले की पुढे होऊन त्याचा वास घ्यायचा आणि माझ्याकडे पाहायचा, भ्यालेले कोणी पाहिले तर नाही ना अशा नजरेने. त्याचे ते पाहणे मला ओळखीचे होते. मीही चारचौघांत तशीच पाहते.

आमचे हे मूल गावातल्या राइस मिलमध्ये पोती वाहायचे. मिल बंद असेल त्या दिवशी घरी यायचे. बाकी दिवस मी आणि लेक. आमचे गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, तीन बाजूंनी राखीव जंगल. सरपण तिथूनच आणायचे आणि चोरून आणायचे. आदल्या उन्हाळ्यात जंगलखात्याच्या नाकेदाराने मला मोळीसकट धरले होते, कुऱ्हाड घेतली होती, आणि बाजाराच्या वाटेवर, येणाऱ्या जाणाऱ्यांसमोर, बराच वेळ बोलत राहिला होता. कुऱ्हाड पुढे परत मिळाली. त्याचे बोलणे कानातून गेले नाही.

म्हणून मी टोऱ्याला गप्प राहायला शिकवले.

लोक कुत्र्याला भुंकायला म्हणून पाळतात. मी उलटे केले. त्याच्या गळ्यात पहिला आवाज फुटू पाहायचा, ओठांची कड थरथरायची, आणि मी तळहाताने त्याचे तोंड मिटायचे. जोरात नाही. जसे झोपलेल्या लेकराचे तोंड पुसावे तसे. "चूप," एवढेच म्हणायचे, आणि तो चूप झाला की भाताचा गोळा द्यायचे. दहा बारा दिवसांत तो शिकला. इतक्या लवकर शिकला की मला भीती वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. जे मला लहानपणापासून येत होते तेच मी त्याला दिले, आणि देताना वाटले की काही चांगले देत आहे.

पुढचे त्याने आपल्या मनाने शोधून काढले. कुठे चाहूल लागली की तो माझ्याजवळ यायचा आणि आपले नाक माझ्या उजव्या तळहातात ठेवायचा. जणू म्हणायचा, काहीतरी येत आहे, माझे तोंड मीट. जंगलात मी मोळी बांधत असले की तो दहा हातांवर बसायचा. नाकेदाराच्या सायकलचा आवाज मला कधीच आधी ऐकू आला नाही. आधी यायचा तो गार, ओला ठिपका. मग मी मोळी झुडपामागे ढकलायची आणि पळसाची पाने तोडू लागायची. नाकेदार यायचा, पाहायचा, जायचा. टोऱ्या माझ्या पायाशी बसून त्याच्याकडे पाहत राहायचा. त्या सबंध मोसमात मी एकदाही सापडले नाही.

नाल्यावरच्या बाया हसायच्या. "सुमननं कुत्रा नाई पाळला वो, मौनीबाबा पाळला," म्हणायच्या. मीही हसायची.

पण तो भुंकायचा. हे मी कोणाला सांगितले नव्हते. झोपेत भुंकायचा. दुपारी ओसरीत उन्हाचा पट्टा त्याच्या पोटावरून सरकत असायचा, त्याचे पाय जागच्या जागी पळायचे, गाल फुगायचे, आणि आतून बारीक, गोल आवाज यायचा, विहिरीच्या तळाशी कोणी भुंकावे तसा. एकदा त्या झोपेतही मी त्याचे तोंड मिटले. तो जागा झाला, त्याने माझ्याकडे पाहिले आणि नाक तळहातात ठेवले. आपल्याच स्वप्नाबद्दल त्याने माफी मागितली असे मला आज वाटते. तेव्हा मी फक्त हात पदराला पुसला होता.

बाजाराच्या दिवशी लच्चीबाई भेटली की आधी तेच विचारायची. "भुकला का वो?"

"अजून नाई."

कार्तिकात एकदा तिने माझा हात धरून बाजूला घेतले. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "मुका निघाला काय? माया घरून आजवर असा माल गेला नाई. पुढच्या विताला दुसरा घेऊन जा, त्याचे पैसे नोको." मी तेव्हाच सांगायला हवे होते की तो मुका नाही. ओठांपर्यंत आले होते. पण माझे तोंड मिटायला मला कोणाचा तळहात लागत नाही.

पौषात धुके नाल्यावरून उठून गावात यायचे आणि दिवस लवकर बुडायचा. त्या संध्याकाळी हे मिलवर होते. लेक आत चिमणीजवळ पाढे म्हणत होती. मी चुलीपुढे बसून तांदूळ धूत होते. दोन्ही हात पाण्यात होते. टोऱ्या आत आला आणि त्याने नाक माझ्या तळहाताला लावले. हात ओले होते, म्हणून त्याचा ओला ठिपका मला वेगळा कळला नाही. मी कोपराने त्याला सारले. "बाहेर हो," म्हटले. तो गेला. थोड्या वेळाने परत आला. या वेळी त्याने नाक पाण्यातच घातले, तांदळाच्या पाण्यात, माझ्या बोटांपर्यंत. मी चिडले. तांदूळ उष्टे केले म्हणून चिडले. "बाहेर हो म्हटलं ना."

तिसऱ्यांदा तो आला नाही. दोनदा सांगितलेले तो ऐकायचा.

मग अंगणात त्याची जर्मनची ताटली वाजली, एकदाच. मी चूल फुंकत राहिले. ताटली डुगडुगत होती, ते डुगडुगणे हळूहळू बारीक होत गेले, आणि ते पुरते थांबले तेव्हा मला कळले की अंगणात फार शांतता आहे. चिमणी घेऊन बाहेर आले. कुंपणाच्या तुऱ्हाट्या एका जागी वाकल्या होत्या. धुळीत काहीतरी ओढत नेल्याची रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना बिबटाची पावले, एवढी गोल आणि सुबक की कोणी मुद्दाम काढावीत.

माणसे टेंभे घेऊन नाल्यापर्यंत जाऊन आली. काही मिळाले नाही. शेजारचे वामनभाऊ ओसरीत टेकले आणि सहज बोलून गेले, "भिंतीले भिंत लागून आहे आमची. मी बिडी पेत बसून होतो. कुत्रा असून भुकला कसा नाई?"

उत्तर फक्त माझ्याजवळ होते. त्याने सांगितले होते. मी शिकवले तसेच, मी शिकवले तिथेच, दोनदा सांगितले होते. बाहेर काय उभे आहे हे त्याला माहीत असताना मी जा म्हटले म्हणून तो गेला, आणि मी चूप म्हटले होते म्हणून चूप राहिला.

हे घरी आले तेव्हा त्यांनी ताटली घासून खुंटीला टांगली. "जनावरच होतं शेवटी," म्हणाले. पण ताटली घासायला त्यांना फार वेळ लागला.

आठ दिवसांनी एक रुपया आणि एक चार आण्याचे नाणे पदरात बांधून मी नाला ओलांडला. लच्चीबाई अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. पदराची गाठ पाहूनच तिचा चेहरा उजळला.

"भुकला काय?"

मी तिच्यासमोर बसले, गाठ सोडून नाणी तिच्यापुढे ठेवली आणि सगळे सांगितले. माझ्या आयुष्यात मी एका दमात इतके कधी बोलले नाही. तळहाताचे सांगितले, भाताच्या गोळ्याचे सांगितले, तांदळाच्या पाण्याचे सांगितले. तिची बोटे भाजीत थांबली होती. तिची म्हातारी कुत्री आली आणि माझे हात हुंगून निघून गेली.

"मंग कायचे पैसे?" लच्चीबाई म्हणाली. "भुकलाच नाई, तं पैसे कायचे? घेऊन जा."

मी नाणी परत उचलली नाहीत. आणि मग, का कोण जाणे, मी ते झोपेतले सांगितले. उन्हाचा पट्टा, जागच्या जागी पळणारे पाय, विहिरीच्या तळाचा आवाज.

तिने वर पाहिले. "कुठी झोपे?"

"ओसरीत. दारापाशी."

"तोंड कोनीकडे करून?"

मी आठवले. "अंगणाकडे."

लच्चीबाईने रुपया उचलला, मग चार आणे उचलले, दोन्ही लुगड्याच्या कनोटीला खोवले. "मंग भुकला थो," ती म्हणाली. "तुया दाराशीच भुकला. आता थो तुया झाला."

मी परत आले तेव्हा दिवस बुडत होता आणि नाल्यावर धुके उठू लागले होते. विजेच्या तारा गावात आल्या त्याला आता काही वर्षे झाली. अंगणात दिवा आहे, बिबट सहसा येत नाही, लेक सासरी गेली. लच्चीबाईचा सव्वा रुपया पुरा फिटला आहे, टोऱ्या पुरा माझा आहे. म्हणून अजूनही दिवेलागणीला तांदूळ धुताना मी डाव्याच हाताने धुते, आणि उजवा तळहात कोरडा करून, उघडा, मांडीवर ठेवून बसते.