कारभारीच्या होडीचं इंजिन

मुळा धरणाच्या फुगवट्यावर कारभारीची होडी म्हणजे पलीकडच्या वस्तीचा रस्ताच. त्या दुपारी वारा असा सुटला, की काठाला बांधलेली होडी मागून पाणी घ्यायला लागली. मागं लटकलेलं जड इंजिन तिला आणखीच दाबत होतं. ते उतरवून काठावरच्या लाकडी स्टँडवर अडकवलं नाही, तर होडी इंजिनासकट जाणार, हे कारभारीला लख्ख दिसत होतं. एरवी तो आणि मुलगा ज्ञानेश्वर मिळून हे काम करत. पण ज्ञानेश्वर सुप्याला कंपनीत ड्युटीवर, आणि घरी होत्या बायको गोजरबाई आणि सून आरती.

आता या घरची एक रीत होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. काय सांगायचं ते गोजरबाईमार्फत. तोवर चहा गार झाला तरी बेहत्तर. ही रीत सांभाळण्याचा सगळा हट्ट कारभारीचाच.

आरती पदर खोचून पाण्यात उतरली. तिचं माहेर पुणतांब्याचं. गोदावरीला पाणी चढलं की काठावरचे पंप वर ओढायला घरच्या लेकीही लागायच्या. तिनं आधी दोराचं एक टोक इंजिनाला बांधलं, दुसरं काठावरच्या बाभळीला वेढा देऊन गोजरबाईच्या हातात दिलं. इंजिन सोडवायला होडीत चढलेल्या कारभारीला पोरीचं मनापासून कौतुक वाटलं.

मग सुरू झाला निरोपांचा कारभार. आरती हळू आवाजात सांगायची आणि गोजरबाई ओरडून पोचवायची: पेट्रोलची नळी काढा म्हणती, पकडीचे स्क्रू सैल करा म्हणती. निम्मे शब्द वाराच पळवायचा. पकडी सुटल्या, कारभारीनं इंजिन उचललं, आणि नेमकी लाट आदळली. त्याचा दुखरा खांदा भरून आला. इंजिन खोल पाण्याच्या बाजूला कललं, तरी त्यानं मिठी सोडली नाही. त्याच्यासकट ते जायच्या बेतात होतं. आरती काहीतरी म्हणाली.

"काय म्हनलीस गं?" गोजरबाईनं विचारलं.

"मामा, सोडा," आरती थेट त्याच्याकडं बघून म्हणाली. "दोर हाय, मी हाय. सोडा तुमी."

आयुष्यात कारभारीनं कुणाचं इतक्या मुकाट्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं हात सोडले. दोर ताठ झाला, इंजिन गर्रकन आरतीकडं फिरलं. तिनं ते लेकराला कडेवर घ्यावं तसं कमरेला टेकवलं आणि गोजरबाईला दोर ओढायला लावत पावलापावलानं काठावर आणलं. कारभारी मागोमाग धावला. तिघांनी मिळून ते स्टँडच्या फळीवर उभं अडकवलं. आतलं पाणी खालून ठिबकायला लागलं. हलकी झालेली होडी लाटांवर निवांत डुलत होती. काय सून मिळाली आपल्याला, असं वाटून कारभारीचे डोळे पाणावले.

आरतीनं लगबगीनं पदर डोक्यावर घेतला आणि सासूच्या कानाशी लागून काही सांगितलं. गोजरबाईनं नेहमीप्रमाणं घसा साफ केला.

"तू थांब जरा," कारभारी म्हणाला, आणि सुनेकडं वळला. "मला सांग पोरी. आता काय करू?"