एकाच चुलीवरच्या दोघी

राजाजीनगरात स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या मुकुंदरावांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी गोळ्या होत्या, मग इन्सुलिन आलं, आणि अलीकडे डॉक्टर मूत्रपिंडाकडेही लक्ष ठेवायला सांगू लागले होते. शकुंतलाबाईंच्या लेखी या सगळ्याचं कारण एकच. लग्न होऊन त्या निपाणीजवळच्या खेड्यातून बेंगळूरला आल्या आणि त्यांची भाकरी सुटली. सासरचं घर मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरात मुरलेलं. सकाळी इडली, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. ज्वारीचं पीठ त्या घरात कधी आलंच नाही.

"मी गावातच राहिले असते तर मला काहीसुद्धा झालं नसतं," असं त्या येईल त्याला सांगत. पुरावा म्हणून थोरल्या बहिणीचं नाव घेत. "आमच्या आक्काला बघा. सत्तरी झाली, अजून शेतात जाते. एक गोळी नाही."

मुलगा मोहनकुमार हे ऐकून न ऐकल्यासारखं करी. कन्नड घरातून आलेली सून शिल्पाश्री कोरमंगलातल्या एका ऑफिसात कामाला होती. ती एवढंच म्हणायची, "सरी अत्ते, असेल तसं, पण इन्सुलिन घेतलंत का?"

ज्या दवाखान्यात शकुंतलाबाई रक्त तपासायला जात, तिथेच त्यांची डॉक्टर कावेरीशी गाठ पडली. कावेरी मूळची बेळगावकडची, मराठी आणि कन्नड सारखंच बोलणारी. ती आहारावर एक मोठा अभ्यास करत होती आणि त्यासाठी भावंडांच्या जोड्या शोधत होती.

"एकाच आईची दोन मुलं, लहानपणी एकाच चुलीवरचं जेवलेली," तिने समजावून सांगितलं. "त्यातलं एक गावात राहिलं, दुसरं शहरात आलं. पुढे दोघांच्या शरीराचं काय झालं, ते आम्हाला बघायचंय."

शकुंतलाबाईंना अभ्यासाची गरज वाटत नव्हती. उत्तर त्यांना ठाऊक होतं. पण तेच उत्तर एखाद्या डॉक्टरने घरच्यांसमोर सांगितलं तर त्यांना हवंच होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी गावी फोन लावला.

आक्का, म्हणजे तानूबाई, आल्या. मोहनकुमारने मावशीला मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून गाडीत घालून आणलं. बारीक, काळसर, पाठीत किंचित वाकलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलाच्या, सुरजच्या, संसारात त्या राहत होत्या. बहिणीने बजावून सांगितल्याप्रमाणे त्यांनी ज्वारीच्या पिठाची पिशवी आणली होती. पिशवी स्वयंपाकघरात ठेवून त्यांनी पहिली चौकशी केली ती वेगळ्याच गोष्टीची.

"येताना एका हाटेलात लोक लोण्यातलं दोसं खात होते. ते मिळंल काय गं?"

शकुंतलाबाईंनी कपाळाला हात लावला. पण दोसा आला, आणि तानूबाईंनी तो चवीने खाल्ला. दुपारी त्यांनी भात मागून घेतला. गावात भात म्हणजे सणाचं जेवण. इथे तो रोज शिजतो, हे त्यांना फार आवडलं. ज्वारीच्या भाकऱ्या थापून जन्म गेलेली बाई पांढऱ्या भातावर साधं वरण घेऊन सावकाश, मन लावून जेवत होती, आणि शेजारी शकुंतलाबाई भाकरी मोडत होत्या.

कारण शकुंतलाबाईंनी ठरवलं होतं की आता आक्का जेवते तसंच जेवायचं. "गावात तू काय खातेस? खरं सांग."

"काय खायाचं? सकाळी भाकरी आन् खर्डा. च्या. संध्याकाळी आर्धी भाकरी, आमटी असली तर आमटी."

"मधे काही नाही?"

"मधे काम आसतंय."

शकुंतलाबाईंनी ते शब्दशः उचललं. भात बंद, नाश्ता बंद, संध्याकाळी अर्धी भाकरी. इन्सुलिन मात्र पहिल्यासारखंच, पहिल्या मापाने. ते भाताच्या जेवणाला धरून ठरवलेलं आहे, हा विचार त्यांच्या मनात आला नाही, आणि त्यांनी कुणाला विचारलंही नाही. साखर उतरत होती. यंत्रावरचा आकडा त्या रोज मुकुंदरावांना कौतुकाने दाखवत होत्या.

एका दुपारी घरात दोघी बहिणीच होत्या. तानूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. शकुंतलाबाई काहीतरी सांगत होत्या ते मधेच अडखळलं. तानूबाईंनी वर पाहिलं तर बहीण घामाने भिजलेली, हात थरथरताहेत आणि तोंडातून निघणाऱ्या बोलण्याला अर्थ नाही. त्या तानूबाईंना आई म्हणून हाक मारत होत्या.

तानूबाईंनी फोन उचलला. शिल्पाश्रीने त्यांना स्वतःचा फोटो दाबला की फोन लागतो, हे दाखवून ठेवलं होतं.

"दोड्डम्मा, गडबडू नका," शिल्पाश्री म्हणाली. नवऱ्याच्या मावशीला ती कन्नडच्या सवयीने दोड्डम्माच म्हणे. "त्यांना गिळता येतंय का? पाणी पाजून बघा."

"येतंय. पर डोळं कसंतरीच करतीया."

"मग ग्लासभर पाण्यात चार चमचे साखर घाला आणि पाजा. लगेच."

तानूबाई थांबल्या. "आगं, साखरंचाच आजार हाय न्हवं तिला? साखर कशी देऊ?"

"आत्ता साखर फार खाली गेलीय. माझं ऐका, द्या. मी शेजाऱ्यांना फोन करते."

तानूबाईंना ते पटलं नव्हतं. तरी त्यांनी डबा काढला, साखर विरघळवली, बहिणीची मान हाताने धरून घोट घोट पाजली. आपण हिला मारत आहोत की वाचवत आहोत, हे त्यांना कळत नव्हतं. थोड्या वेळाने शकुंतलाबाईंचे डोळे जागेवर आले. शेजारचे शेषगिरी दारात उभे राहिले तेव्हा त्या पदराने घाम पुसत होत्या आणि लसणाची साल कुणी सांडली, म्हणून विचारत होत्या.

त्या संध्याकाळी शिल्पाश्री सासूला पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. शकुंतलाबाईंनी ऐकून घेतलं. पण त्यांच्या मते चूक झाली ती इन्सुलिनची. भाकरीवरचा त्यांचा विश्वास हलला नव्हता. डॉक्टरांनी इन्सुलिनचं माप कमी केलं आणि दोन्ही वेळचं नीट जेवायची ताकीद दिली.

पुढच्या आठवड्यात दोघींच्या तपासण्या झाल्या. रक्त, हाडं, हृदय, उंची, वजन. मग कावेरीने दोघींना समोर बसवून लहानपणी काय खात होता, ते विचारायला सुरुवात केली.

शकुंतलाबाईंनी तयारीच केली होती. "ज्वारीची भाकरी. तुरीची आमटी. शेंगदाण्याची चटणी, शेतातली पालेभाजी. घरची म्हैस होती, त्यामुळे दूध रोज."

"मावशी, तुम्ही?" कावेरीने तानूबाईंकडे पाहिलं.

"भाकरी व्हती. चटणी व्हती. आमटी आसायची कवा कवा."

"आणि दूध?"

"दूध निपाणीच्या हाटेलात जायाचं."

"आक्का, काय बोलतेस?" शकुंतलाबाई मधेच म्हणाल्या. "मी प्यायचे की रोज."

"तू प्यायचीस. ल्हानपणी तू सारखी आजारी पडायचीस. आई तुझ्यापुरता कप बाजूला काढायची." तानूबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. गावच्या रस्त्याची माहिती द्यावी, तसं त्या सांगत होत्या. "मी आईसंगं तंबाखूच्या शेतात जायाची. आमी दोगी मागनं जेवायचो. उरलंसुरलं."

कावेरीने आणखी विचारलं. मटण शिजायचं का? शिजायचं, पुरुष आधी जेवायचे. सासरी? सासरीही तसंच. मिश्री लावता का? हो, लहान होते तेव्हापासून. भूक मरते तिने, शेतात बरं पडतं.

निकाल सांगायला कावेरी स्वतः घरी आली. मुकुंदराव दुकान लवकर बंद करून आले होते. शकुंतलाबाईंनी वर्षानुवर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली होती, तो आला होता, आणि त्याचा पहिला भाग त्यांच्या मनासारखाच झाला. तानूबाईंची साखर उत्तम होती. हृदय चांगलं होतं. आयुष्यभराची ज्वारी आणि आयुष्यभराचं चालणं, दोन्हींचा त्यात वाटा असणार, असं कावेरी म्हणाली.

"पण रक्त फार कमी आहे," ती पुढे म्हणाली. "इतकं कमी की मला आश्चर्य वाटतं, ह्या जिना कशा चढतात. हाडं ठिसूळ झालीत. मणक्यातलं एक हाड पूर्वी कधीतरी दबून मोडलेलं आहे. मावशी, पाठ कधी खूप दुखली होती का?"

तानूबाईंनी आठवून पाहिलं. "वैरणीचा भारा उचलताना एकदा कट्‌ दिशी झालं व्हतं. फडकं बांदलं आन् गेले कामाला."

"आणि माझं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"तुमची साखर आणि मूत्रपिंडं, ते तुम्हाला माहीत आहे. हाडं मात्र तुमची वयाच्या मानाने फार चांगली आहेत."

मग शकुंतलाबाई म्हणाल्या, "म्हणजे आमचं जुनं खाणं वाईट, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. भाकरी चांगलीच. पण भाकरीबरोबर ताटात काय होतं, किती होतं आणि ते कुणाच्या ताटात पडत होतं, हेही बघावं लागतं." कावेरीने कागद आवरले. "आणि दोन माणसांवरून मी काही ठरवणार नाही. अजून पुष्कळ जोड्या बघायच्या आहेत."

ती गेल्यावर मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या जिंकल्या होत्या की हरल्या होत्या, हे त्यांना ठरवता येईना. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दूध तापवलं, मोठा ग्लास भरला आणि बहिणीपुढे ठेवला. तानूबाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"मला ह्याचा वास सोसत न्हाई, शकू. कवा पिलंच न्हाई, आता कुठलं जातंय?"

"स्वल्प तरी घे."

"उलटी हुईल."

शकुंतलाबाई ग्लासाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. तानूबाईंना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "आंडी हायत का घरात? आंडी खाईन मी."

तानूबाई उन्हाळा संपेपर्यंत राजाजीनगरात राहिल्या. मोठ्या इस्पितळात दुसऱ्या तपासण्या झाल्या. आत कुठे रक्त जात नव्हतं, लोह वर्षानुवर्षं कमी पडत आलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, असं सांगितलं गेलं. हे त्यांना गोळ्यांपेक्षा जड गेलं. मिश्री पूर्ण सुटली नाही, कमी झाली. शकुंतलाबाईंच्या ताटात दोन्ही वेळा एकेक भाकरी आली, पण तिच्या शेजारी डाळ आणि भाजी भाकरीपेक्षा जास्त असायची, आणि संध्याकाळी शिल्पाश्री त्यांना चालायला बाहेर काढायची. त्यांची साखर थोडी सुधारली. मूत्रपिंडाचं जे झालं होतं, ते तसंच राहिलं.

रक्त वाढल्यावर तानूबाईंना गावाची ओढ लागली. शेंगा काढायच्या होत्या. सगळ्यांनी नको म्हटलं तरी त्या गेल्या.

आता शकुंतलाबाई रोज संध्याकाळी फोन करतात. पूर्वी त्या फोनवर स्वतःच्या साखरेचा आकडा सांगायच्या. आता आधी विचारतात, "आक्का, आज काय जेवलीस?"

"भाकरी."

"आणि?"

"आमटी."

"आणि?"

"आंडं खाल्लं की गं, एक."

ते खरं असेल किंवा नसेल. शकुंतलाबाई मग सुरजच्या बायकोला फोन द्यायला सांगतात आणि तिलाही विचारतात, सगळ्यांच्या आधी वाढलंस ना तिला?